ठाण्यात त्या दिवशी किती पाऊस झाला होता? जुन्या हवामान-नोंदी शोधण्याची पायरीवार वाट

गावाचा, तलावाचा, देवळाचा किंवा एखाद्या वसाहतीचा इतिहास लिहिताना ‘त्या साली अतोनात पाऊस झाला’ असं वाक्य कुठेतरी येतंच. ते खरं की ऐकीव, हे ठरवता येतं, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी जवळपास दोनशे वर्षांच्या नोंदी कुठे ना कुठे आहेत. अडचण अशी की त्या एका जागी नाहीत. काही पुण्यात, काही तहसीलच्या दप्तरात, काही इंग्रजी अमदानीच्या छापील अहवालांत, तर काही मोडी कागदांत सापडतात.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पावसाचा आकडा कधीच शहराचा नसतो, तो एका विशिष्ट जागी ठेवलेल्या एका पर्जन्यमापकाचा असतो. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदले गेले आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४ मिमी. ‘मुंबईचा त्या दिवशीचा पाऊस’ असं लिहिणाऱ्याने यातला कुठला आकडा घ्यायचा? म्हणून तुमच्या जागेला सर्वांत जवळचं मापक कुठलं, हा प्रश्न आधी, आणि त्याचा आकडा काय, हा नंतर.

१. प्रश्न नेमका करा

‘ठाण्याचं जुनं हवामान’ हा शोधण्याजोगा प्रश्न नाही. जागा, तारीख आणि बाब या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. उदाहरणार्थ: ‘नोव्हेंबर १९४८च्या चक्रीवादळात बेलापूरच्या बाजूला पाऊस किती झाला आणि खारबंदिस्ती (खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारे बांध) फुटली का?’ या एका प्रश्नातून दोन वेगळे शोध निघतात. पाऊस आणि वारा वेधशाळेच्या नोंदीत मिळेल. बांध फुटल्याची माहिती महसुली कागदात किंवा वर्तमानपत्रात असेल. दोन्ही एकाच ठिकाणी शोधत बसलात तर महिने जातील.

तारीख नक्की माहीत नसेल तर निदान हंगाम ठरवा. आजीने सांगितलेलं ‘माझ्या लग्नाच्या साली पूर आला’ हेही चालतं. लग्नपत्रिका किंवा शाळेच्या दाखल्यावरून साल काढता येतं.

२. हद्दी तपासा, नाहीतर चुकीच्या जिल्ह्याच्या फायली चाळाल

नवी मुंबईवाल्यांनी ही पायरी अजिबात टाळू नये. आजची नवी मुंबई दोन जिल्ह्यांत पसरली आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर पनवेल आणि उरण रायगडात. पण पूर्वी असं नव्हतं:

- १८८३पर्यंत पनवेल आणि उरण ठाणे जिल्ह्यात होते. त्या साली ते कुलाबा जिल्ह्यात गेले. १८९१मध्ये कर्जतही गेलं. त्यामुळे १८८२च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये पनवेल सापडतं, नंतरच्या ठाण्याच्या अहवालांत नाही.
- साष्टी बेटाचा मोठा भाग १९२०मध्ये ठाणे जिल्ह्यातून निघून मुंबई उपनगर जिल्हा झाला. कुर्ला, अंधेरी, बोरिवली यांच्या त्याआधीच्या नोंदी ठाण्याच्या दप्तरात पाहायच्या.
- कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१मध्ये रायगड झालं.
- पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. ‘ठाणे जिल्हा सरासरी’ असा २०१४पूर्वीचा आकडा म्हणजे डहाणू, जव्हार, मोखाडा धरून काढलेली सरासरी. तो आजच्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्याशेजारी ठेवून ‘पाऊस कमी झाला’ किंवा ‘वाढला’ म्हणणं चूक आहे.

यातला सर्वांत बेरकी सापळा कुलाब्याचा. मुंबईतली कुलाबा वेधशाळा आणि अलिबाग मुख्यालय असलेला जुना कुलाबा जिल्हा या वेगळ्या गोष्टी. मराठीत दोन्ही सारखंच लिहितात आणि इंग्रजी अहवालांतही फरक फक्त पहिल्या अक्षराचा. शोधयंत्रात टाकलं की दोन्हीचे निकाल एकत्र येतात, म्हणून शोधताना सोबत ‘वेधशाळा’ किंवा ‘अलिबाग’ असा शब्द जोडत जा.

३. हाताशी काय लागेल

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, दोन छायाप्रती
- संस्थेचं किंवा महाविद्यालयाचं पत्र, त्यात संशोधनाचा विषय आणि कालावधी स्पष्ट लिहिलेला. स्वतंत्र अभ्यासक असाल तर स्थानिक इतिहास मंडळ किंवा ग्रंथालयाचं पत्रही उपयोगी पडतं.
- माहिती अधिकारासाठी १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाइन पैसे भरण्याची सोय
- शके आणि इसवी सनाचा मेळ दाखवणारी जंत्री
- स्प्रेडशीट. वही चालते, पण बेरजा आणि पडताळणी करताना हात दुखतो.
- मोडी वाचता येत नसेल तर वाचणारी व्यक्ती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. ज्यांना हा छंद पुढे न्यायचा आहे त्यांनी शिकूनच घ्यावं, दर वेळी दुसऱ्याला विनवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

४. जवळचं मापक शोधा

नकाशावर तुमची जागा ठेवा आणि भोवतालची केंद्रं लिहून काढा. या पट्ट्यात साधारण पुढील प्रकार आहेत:

हवामान खात्याच्या वेधशाळा: कुलाबा, सांताक्रूझ, अलिबाग, डहाणू. त्यांच्याकडे पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, हवेचा दाब अशा सगळ्या नोंदी असतात. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये उभारली आणि १८४०च्या दशकापासून तिथल्या नियमित नोंदी मिळतात. सांताक्रूझची मालिका विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची आहे. चुंबकीय नोंदींचं काम १९०४मध्ये अलिबागला हललं, कारण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या होत्या. पावसाच्या नोंदी मात्र कुलाब्यालाच सुरू राहिल्या.

तालुक्याच्या ठिकाणचे पर्जन्यमापक: ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, पनवेल, उरण, कर्जत. हे बहुतेक मामलेदार कचेरीच्या आवारात असत. इथे फक्त पाऊस मोजत. तापमान शोधू नका, नसतं.

धरणं आणि तलाव: विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२). या जलाशयांवर पाणीपुरवठ्यासाठी पाऊस मोजला जातो. अलीकडच्या काळात मोरबे, बारवी, भातसा. २६ जुलै २००५ला विहार तलावावर हजार मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला, सांताक्रूझपेक्षाही जास्त. घोडबंदर रोड किंवा येऊरच्या पायथ्याचा अभ्यास करणाऱ्याला विहार-तुळशीच्या नोंदी कुलाब्यापेक्षा कितीतरी जवळच्या.

महापालिकेची केंद्रं: नवी मुंबईत बेलापूर, नेरुळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा अशा विभागवार नोंदी आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असतात. ठाण्यातही तसंच. मात्र महापालिका जन्मल्या त्याआधीचं काही इथे मिळणार नाही: ठाणे महापालिका १९८२ची, नवी मुंबईची १९९२पासूनची. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातलं एक केंद्र हवामान खात्याच्या याद्यांत टीबीआयए (ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन) या नावाने येतं. तेही पाहून ठेवा.

५. पुण्याच्या हवामान खात्याकडे मागणी

भारतीय हवामान खातं १८७५मध्ये स्थापन झालं. जुना डेटा शिवाजीनगर, पुणे इथल्या राष्ट्रीय डेटा केंद्रात जमा आहे. मागणी डेटा पुरवठा पोर्टलवरून करायची:

क) नाव नोंदवा आणि ईमेल पडताळून घ्या.
ख) केंद्र, बाब (दैनंदिन पाऊस, कमाल-किमान तापमान वगैरे) आणि कालावधी निवडा. केंद्रांना क्रमांक असतात: सांताक्रूझ ४३००३, कुलाबा ४३०५७. नावाऐवजी क्रमांकाने शोधलं की घोळ होत नाही.
ग) उपलब्धता पाहा. यादीत केंद्र असणं म्हणजे सगळी वर्षं असणं नव्हे. मधली वर्षं गायब असू शकतात.
घ) शुल्काचा अंदाज येईल. विद्यार्थी आणि संशोधकांना सवलत असते, त्यासाठी संस्थेचं पत्र आणि हमीपत्र जोडा.
ङ) हमीपत्र नीट वाचा. मिळालेला कच्चा डेटा तिसऱ्या व्यक्तीला देता येत नाही. तुमच्या लेखात तक्ते, आलेख आणि निष्कर्ष छापा, पूर्ण फाइल फेसबुकवर टाकू नका.

मागणी लिहिताना ‘ठाण्याचा सगळा डेटा’ असं मोघम लिहू नका. ‘ठाणे पर्जन्यमापक, दैनंदिन पाऊस, १ जून ते ३१ ऑक्टोबर, १९५१ ते १९६०’ असं लिहिलं की उत्तर लवकर येतं आणि खर्चही आटोक्यात राहतो.

६. फुकट मिळणारा ग्रीड डेटा, आणि त्याचा मोह

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१पासूनचा दैनंदिन पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मोफत उतरवता येतो. तापमानाचा असा डेटा १९५१पासून आहे, पण एक अंशाच्या मोठ्या चौकटींत.

पावसाच्या फाइलमध्ये रेखांश ६६.५ ते १०० पूर्व आणि अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर, म्हणजे १३५ गुणिले १२९ बिंदू. ठाणे शहरासाठी १९.२५ उत्तर, ७३.० पूर्व हा बिंदू घ्या. वाशी-बेलापूरसाठी १९.० उत्तर, ७३.० पूर्व. शून्यापासून मोजलं तर ठाणे ५१व्या ओळीत, २६व्या स्तंभात येतं. वाशी ५०व्या ओळीत, त्याच स्तंभात. पायथन येत असेल तर ‘आयएमडीलिब’ नावाची लायब्ररी फाइल उघडून सीएसव्ही काढून देते. एका वर्षाची बायनरी फाइल साधारण २५ एमबीची असते. त्यापेक्षा बरीच लहान उतरली तर डाउनलोड अर्धवट झालं आहे. -९९९ असा आकडा दिसला तर तो पाऊस नव्हे, नोंद नाही अशी खूण आहे. ती तशीच सरासरीत गेली की वर्षाचा पाऊस उणे निघतो आणि मग माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

आता मोह. ग्रीडमधला आकडा कुणी मोजलेला नसतो, भोवतालच्या मापकांवरून गणिताने काढलेला असतो. एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची. तिच्यात येऊरचा डोंगर, खाडी आणि भिवंडीचा काही भाग एकत्र येतो. दहा वर्षांचा कल पाहायला हा डेटा उत्तम. एका रात्रीची ढगफुटी पाहायला तो घेऊ नका, कारण टोकाचे आकडे त्यात बोथट होतात. युरोपीय केंद्राची १९४०पासूनची आणि अमेरिकी संस्थांची त्याहून जुनी पुनर्विश्लेषणं (जुन्या नोंदी संगणकी प्रारूपात घालून काढलेलं हवामान) तर तेवढ्याच किंवा आणखी मोठ्या चौकटींची असतात. वादळाच्या दिवशी दाब कुठे कमी होता हे ती चांगलं सांगतात, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर पाऊस किती झाला हे नाही.

अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाच्या पर्जन्यमान संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय दैनंदिन आकडे मिळतात. त्यासाठी तुमचं गाव कुठल्या मंडळात येतं हे तलाठ्याकडून विचारून घ्या.

७. स्थानिक कार्यालयं आणि माहिती अधिकार

तहसील कार्यालयाची पर्जन्य नोंदवही ही खरी सोन्याची खाण, आणि सर्वांत लवकर हरवणारीही. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, बाकीचे ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. म्हणून ‘नोंदवही आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. अर्ज असा लिहा:

‘विषय: ठाणे तहसील कार्यालयातील पर्जन्यमापकाची दैनंदिन नोंदवही, कालावधी १ जून १९८५ ते ३१ ऑक्टोबर १९८५. (१) सदर कालावधीच्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. (२) नोंदवही अभिलेख कक्षात जमा केली असल्यास जमा तारीख व अनुक्रमांक द्यावा. (३) नष्ट केली असल्यास नष्टीकरण आदेश व यादीची प्रत द्यावी. (४) या नोंदी जिल्हाधिकारी कार्यालयास पाठवलेल्या मासिक विवरणपत्रांची प्रत द्यावी.’

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मूळ वही गेली तरी वर पाठवलेलं विवरणपत्र दुसऱ्या कार्यालयात शिल्लक असू शकतं.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवायचा असतो. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३)नुसार त्यांनीच तो योग्य जागी पाठवायचा. ‘पाऊस जास्त का झाला’, ‘पंचनामे का झाले नाहीत’ असले प्रश्न घालू नका. कागदावर असलेलीच माहिती मिळते, खुलासे मिळत नाहीत. पानं किती आहेत याचा अंदाज नसेल तर प्रतींऐवजी अवलोकन मागा आणि मोबाइलवर फोटो घेण्याची परवानगी त्याच अर्जात मागून ठेवा.

हवामान खात्याकडे मात्र हा मार्ग सहसा फळत नाही. त्यांच्याकडे पुरवठ्याची स्वतंत्र सोय आहे, तुम्हाला तिकडेच पाठवतील.

अर्ज करण्याआधी जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ चाळा. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते काढतं आणि त्यात तालुकावार पावसाचे तक्ते असतात. वार्षिक किंवा मासिक बेरीजच हवी असेल तर काम तिथेच संपतं.

८. इंग्रजी अमदानीचे छापील अहवाल

इथे मालमसाला भरपूर आहे आणि बराच घरबसल्या मिळतो.

गॅझेटिअर: मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाण्याचे खंड (तेरावा दोन भागांत, आणि चौदावा) १८८२चे, तर कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा १८८३चा. हवामानाचं प्रकरण पहिल्या भागात असतं. राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागाने ते ऑनलाइन ठेवले आहेत. पण यातले आकडे सरासरीचे किंवा निवडक वर्षांचे असतात. दिवसाची नोंद इथे शोधू नका.

कुलाबा वेधशाळेचे वार्षिक खंड: यात दाब, तापमान, वारा, पाऊस तपशीलवार आहेत. एकोणिसाव्या शतकातले बरेच खंड स्कॅन होऊन डिजिटल ग्रंथालयांत आले आहेत.

पाहणी आणि जमाबंदीचे अहवाल: तालुक्याची महसूल फेरपाहणी झाली की तिचा अहवाल सरकारी निवडक कागदपत्रांच्या मालिकेत छापत. शेतसारा ठरवताना आधीच्या काही वर्षांचा पाऊस जोडलेला असतो, आणि सोबत कुठल्या साली भात बुडालं, कुठल्या साली आवणी लांबली, याचे शेरे. स्थानिक इतिहासासाठी याहून उपयुक्त दुसरं काही नाही, तरी लोक गॅझेटिअरवरच थांबतात.

हंगाम आणि पीक अहवाल: दर वर्षाचा, जिल्हावार.

मीठ खात्याचे अहवाल: भांडुप, मुलुंड, उरणच्या बाजूला मिठागरं होती. मीठ पिकतं ते कोरड्या महिन्यांत. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला की उत्पादन पडतं आणि अधिकारी कारण नोंदवून ठेवतो. पावसाळ्याबाहेरच्या पावसाचा असा माग दुसरीकडे क्वचितच मिळतो.

रेल्वे: १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली. त्यानंतर पुराने रूळ खचले, पूल वाहिला की त्याची बातमी आणि अहवाल दोन्ही निघत.

९. पुराभिलेखागार आणि मोडी कागद

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि पुण्यात पेशवे दफ्तरात असे दोन पत्ते. कुठे जायचं हे काळ आणि खाडीची बाजू यावरून ठरतं. ठाणे इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्ये घेतलं, खाडीपलीकडचं बेलापूर-पनवेल मात्र १८१७पर्यंत पेशव्यांकडे राहिलं. म्हणजे १७९० सालचा ठाण्याचा पाऊस मुंबईच्या कागदांत आणि बेलापूरचा पुण्याच्या कागदांत शोधायचा. मध्ये फक्त खाडी.

इथे मिलिमीटर मिळणार नाहीत. मिळतं ते असं: बांध फुटल्यामुळे साऱ्यात सूट, गलबत अडकलं, भात कुजलं, पाऊस लांबल्याने बियाण्यासाठी तगाई (सरकारी कर्ज). म्हणून ‘पाऊस’ या शब्दावर अडून न बसता सूट, तगाई, खारबंदिस्ती, नापीक असे विषय पाहा. वाचनालयात आधी सूचीवरून दप्तर-रुमाल (कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे) निवडून मागणीचिठ्ठी द्यावी लागते. सूचीसाठी अख्खा पहिला दिवस राखून ठेवा.

तारखांचं गणित: इसवी सन काढायला शकात चैत्र ते डिसेंबर ७८, जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवा. सुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) मृगाला बदलतो. मृग ते डिसेंबर ५९९, पुढे ६००. दक्षिणी फसली या महसुली सनात ५९० आणि ५९१. सुहूर साल अनेकदा अरबी अंकनामांत असतं (इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस), तेव्हा ती यादी जवळ ठेवा.

नक्षत्रांबाबत एक खोच आहे. आज मृग ७-८ जूनला निघतं. निरयन (नक्षत्रांवर मोजलेलं) वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठं असल्याने साठ-सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. १७६०च्या सुमारास मृग ३-४ जूनलाच निघायचं. ‘मृगाच्या पहिल्या दिवशी पाऊस लागला’ हे वाचून सरळ ७ जून लिहू नका.

१०. वर्तमानपत्रं

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, जुन्या नियतकालिकांसाठी तिथे आधी विचारा. ठाण्यातून निघणारा ‘अरुणोदय’ १८६६पासूनचा. स्वातंत्र्योत्तर काळासाठी लोकसत्ता (१९४८) आणि महाराष्ट्र टाइम्स (१९६२). इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडियाचं जुनं संग्रहण काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतं.

घटनेच्या दिवसाचा अंक फारसा कामाचा नसतो. दुसऱ्या दिवसापासून पुढचे आठ दिवस पाहा. मुफसलच्या, म्हणजे शहराबाहेरच्या भागातल्या, बातम्या उशिरा येत. १९४८च्या उदाहरणात मुंबईची पडझड लगेच छापून येईल, बेलापूर-उरणची आठवड्याने, तीही आतल्या पानावर चार ओळींत.

११. आकडा वापरण्याआधी चाळणी लावा

*साडेआठची चाळणी.* पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मोजल्याच्या दिवसाची तारीख लावतात. म्हणून २६ जुलै २००५चा पाऊस अधिकृत यादीत २७ जुलैसमोर दिसतो. बातमीची तारीख आणि डेटाची तारीख एका दिवसाने सरकते ती यामुळे. बातमीतला आकडा संध्याकाळी साडेपाचपर्यंतचा, म्हणजे नऊच तासांचा आहे का, हेही पाहा. महापालिकेच्या आकड्यात ‘आजचा’ आणि ‘१ जूनपासून आजपर्यंतचा’ शेजारी छापलेले असतात, उतरवताना अदलाबदल होते.

*घड्याळाची चाळणी.* भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासून आली, तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत चालू होता, ३९ मिनिटं मागे. युद्धकाळात १९४२ ते १९४५ घड्याळं एक तास पुढे होती. दिवसाच्या पावसाला याने फरक पडत नाही, वादळाच्या तासागणिक नोंदींना पडतो.

*एककांची चाळणी.* जुना पाऊस इंच आणि सेंटमध्ये. १०० सेंट म्हणजे एक इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिमी. ‘३ इंच ४७ सेंट’ म्हणजे ३.४७ गुणिले २५.४, अर्थात ८८.१ मिमी. दाब इंचात असेल तर ३३.८६ने गुणा: २९.५० इंच म्हणजे सुमारे ९९९ हेक्टोपास्कल.

*शून्याची चाळणी.* कोरी जागा, आडवी रेघ आणि शून्य वेगळे. ऐन जुलैत रविवारी शून्य आणि सोमवारी दुप्पट दिसलं तर सुटीच्या दिवशी मोजणी झालेली नाही, दोन दिवसांचा पाऊस एकत्र मोजला आहे. महिन्याच्या बेरजेला धोका नाही, पण ‘एका दिवसातला विक्रम’ म्हणून तो सोमवार छापू नका.

*शेजाऱ्याची चाळणी.* ठाण्याला १२५ आणि कल्याण, भिवंडी, सांताक्रूझ सगळीकडे दहाच्या आसपास? खरा असेलही, पण आधी दशांश चिन्ह सुटून १२.५चे १२५ झाले का पाहा. मूळ पानाचा फोटो यासाठीच हवा.

*दंतकथेची चाळणी.* ६ जून १८८२ला मुंबईत चक्रीवादळ होऊन एक लाख माणसं मेली, असं अनेक याद्यांत वाचायला मिळतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत अशा संहाराचा मागमूस नाही. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. आठातला एक माणूस गेला आणि कुणी लिहिलं नाही, हे शक्य नाही. वादळाचा दावा दिसला की हवामान खात्याचा चक्रीवादळांचा ई-ॲटलास पाहा, त्यात १८९१पासूनचे मार्ग आहेत. त्याआधीच्या दाव्यासाठी कुलाब्याच्या दाबाच्या नोंदी आणि त्या आठवड्याची वर्तमानपत्रं दोन्ही लागतील.

वर्णनासाठी शब्दही मोजून वापरा. खात्याच्या हिशेबी २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच ‘पावसाचा दिवस’, ६४.५पासून मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार, २०४.५पासून अतितीव्र. ‘ढगफुटी’ हा शब्द तासाला १०० मिमीच्या घरातल्या पावसासाठी राखून ठेवा. तासाची नोंद नसेल तर तो लिहूच नका.

१२. नोंद कशी उतरवायची

प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ, आणि तिच्यात हे रकाने: केंद्राचं नाव व क्रमांक, तेव्हाचा जिल्हा-तालुका, तुमच्या जागेपासूनचं अंतर, कागदावरची तारीख जशीच्या तशी, बदललेली इसवी तारीख, मूळ एकक व आकडा, मिमीतला आकडा, मोजणीची वेळ, दप्तराचा किंवा पानाचा क्रमांक, फोटोचं नाव, शेरा. मूळ आकडा आणि रूपांतर वेगळ्या रकान्यांत ठेवा, म्हणजे रूपांतराची चूक नंतर सापडते. मापकाची जागा बदलल्याचा उल्लेख कुठे आढळला तर शेऱ्यात साल लिहा. कचेरी हलली की मापकही हलतं, आणि नव्या जागी झाड किंवा भिंत आडवी आली तर पाऊस कमी दिसतो. लेखात आकडा देताना केंद्राचं नाव वाक्यातच घाला: ‘पनवेल पर्जन्यमापकावर ८८.१ मिमी’, नुसतं ‘नवी मुंबईत ८८.१ मिमी’ नको.